डोळ्यातली गाठ आणि बी-स्कॅन: ११ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दवाखान्यात डोळ्याच्या सोनोग्राफीचं यंत्र येऊन ११ महिने झाले. १० मेगाहर्ट्झचा बी-स्कॅन प्रोब (पापणीवर टेकवायची कांडी, तिने डोळ्याच्या आतलं काळं-पांढरं चित्र दिसतं), सोबत ए-स्कॅन (तो परत आलेल्या लहरींची उंची आलेखात दाखवतो). घेतलं ते पिकलेल्या मोतीबिंदूमागचा पडदा जागेवर आहे का हे पाहायला. रोजचं काम अजूनही तेच आणि त्यात तक्रारीला जागा नाही. मला लिहायचंय ते गाठींबद्दल. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी डोळ्यात गाठ दिसली की पूर्वी माझ्या हातात चिठ्ठी लिहून पुढे पाठवण्यापलीकडे काही नव्हतं.

यंत्र आलं त्याच महिन्यात दोन वर्षांची एक मुलगी आली. मोबाइलच्या फोटोत तिचा एक डोळा पांढरा चमकत होता, ते आईच्या लक्षात आलं होतं. मुलगी आजीच्या मांडीवर रडत होती. मिटलेल्या पापणीवरच जेल लावून प्रोब टेकवला. स्क्रीनवर गाठ दिसली, आत पांढरे ठिपके. मग गेन, म्हणजे परत आलेल्या लहरी किती ठळक दाखवायच्या ते, हळूहळू उतरवत गेले. गाठीचा मऊ भाग विझत गेला. ठिपके मात्र लखलखत राहिले आणि त्यांच्यामागे काळी सावली पडली. कॅल्शियम. लहान मुलात, गाठीच्या आत असं कॅल्शियम म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचा (लहान मुलांच्या पडद्याच्या कर्करोगाचा) दाट संशय. अशीच पांढरी चमक कोट्सच्या आजारातही (पडद्याच्या रक्तवाहिन्या पाझरतात तो) दिसते, पण तिथे सहसा कॅल्शियम नसतं.

या आजारात सुई घालून तुकडा काढत नाहीत, पेशी डोळ्याबाहेर पसरण्याची भीती असते. सीटी स्कॅनही शक्यतो टाळतात, कारण आनुवंशिक प्रकारात किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून त्या पाच मिनिटांच्या सोनोग्राफीचं मोल फार आहे. आजींनी विचारलं, “मॅडम, डोळा वाचंल का?” मी म्हणाले, “आजी, आधी जीव. डोळ्याचं तिथले डॉक्टर बघून सांगतील.” त्याच रात्री त्या मुंबईला टाटाला निघाल्या.

मोठ्या माणसांत प्रश्न वेगळा. आपल्याकडे डोळ्यातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) गोऱ्या युरोपीय लोकांच्या मानाने बराच कमी, पण होतोच. कोरॉइडमधला (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातला) मेलॅनोमा सोनोग्राफीत आतून काळसर, जवळजवळ पोकळ वाटतो. त्याच्या पेशी एकसारख्या आणि दाटीने बसलेल्या असतात, त्यामुळे आवाजाच्या लहरीला उलटायला आत फारसं काही मिळत नाही. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ. मधाच्या पोळ्यासारखे तिच्यात रक्ताने भरलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्याची भिंत लहर परत पाठवते, म्हणून ती आतून पांढरीशुभ्र दिसते. मेलॅनोमाने कोरॉइड आणि पडदा यांच्यामधला ब्रुकचा पापुद्रा फोडला की तो भूछत्रासारखा वर फुगतो. हा आकार दिसला तर एक दिवसही थांबू नये.

इथे ए-स्कॅन कामी येतो. अमेरिकेत मुंट आणि ह्यूज यांनी १९५६ मध्ये डोळ्यातल्या गाठीसाठी ए-स्कॅनच वापरला होता. जुनं तंत्र म्हणून ते बटण बाजूला ठेवू नका. बी-स्कॅनमधला करडा रंग डोळ्यांना फसवतो. गाठीच्या आतल्या लहरींची उंची ए-स्कॅनवर सरळ दिसते.

आता माझी चूक. साठीच्या एका काकांच्या डोळ्यात तपकिरी उंचवटा होता. पहिल्यांदा उंची भरली २.४ मिलिमीटर, तीन महिन्यांनी ३.१. वाढ झाली म्हणजे कर्करोग, असंच मनात आलं आणि काकांच्या मुलाला मी तसं बोलूनही गेले. संध्याकाळी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, की दुसऱ्या वेळी लहर तिरकी गेली होती. श्वेतपटलाची (डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीची) रेषा पुसट आलेली. दुसऱ्या दिवशी बोलावून नीट काटकोनात मोजलं, पुन्हा २.४. मुलाची माफी मागितली. ती रात्र त्या घराने कशी काढली असेल, हे अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून एकाच जागेची तीन मापं घेते, आणि पुढच्या वेळेसाठी प्रोबची खूण कुठे होती, रुग्ण कुठे बघत होता, हे कागदावर लिहून ठेवते. काका अजून दर तीन महिन्यांनी येतात.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. बुबुळातली किंवा त्याच्या लगेच मागची गाठ या प्रोबला नीट दिसत नाही, त्यासाठी ३५ ते ५० मेगाहर्ट्झची यूबीएम (डोळ्याच्या पुढच्या भागाची बारीक सोनोग्राफी) लागते. डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेलं असेल तर माप चुकतं. मिलिमीटरभर उंचीच्या डागाच्या आत काय आहे हे सांगता येत नाही. तिथे फोटो काढून वाट पाहणं भाग पडतं. पडद्याखाली साठलेलं रक्तही हुबेहूब गाठीसारखं दिसू शकतं, म्हणून बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याशिवाय नुसत्या सोनोग्राफीवर मी काहीच लिहीत नाही.

घेणार असाल तर डेमोला मोतीबिंदूचा रुग्ण बसवून समाधान मानू नका. गेन उतरवताना चित्र टप्प्याटप्प्याने विझतं की एकदम जातं ते बघा, आणि नुसतं चित्र नाही तर हलता व्हिडिओ साठवता येतो का ते विचारा. आमच्या यंत्रात व्हिडिओ दहा सेकंदांचाच राहतो. मोठ्या दवाखान्यात गाठीतली रक्ताची थरथर पाहायला मागतात, तेव्हा तो अपुरा पडतो.