चार चेंबरचा वायर मायोग्राफ: दोन वर्षं वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये हा मायोग्राफ, म्हणजे धमनीचा छोटा तुकडा तारांवर ताणून तिचं आकुंचन मोजणारं यंत्र, येऊन दोन वर्षं झाली. त्याआधी मी सगळं काम ऑर्गन बाथवर (ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात) केलंय, रॅटच्या एओर्टाच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, तीनेक मिमीच्या रिंगा कापायच्या, हुकात अडकवायच्या आणि ताण बघत बसायचं. ते काम आजही तिथे छानच होतं, नुसता एओर्टाच करायचा असेल तर एवढा खर्च करू नका. पण रक्तदाब ज्यांच्यावर जास्त अवलंबून असतो त्या 100 ते 400 मायक्रॉनच्या बारीक धमन्या हुकावर लागतच नाहीत. इथे 40 मायक्रॉनच्या दोन तारा धमनीच्या आतून ओवायच्या, एक मायक्रोमीटरच्या (तारांमधलं अंतर बदलणाऱ्या स्क्रूच्या) बाजूला बांधायची, दुसरी फोर्स ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे ताण मोजणाऱ्या सेन्सरच्या. 1970च्या दशकात मलव्हॅनी आणि हॅल्पर्न यांनी आणलेली ही पद्धत.

मला सगळ्यात आवडलं ते नॉर्मलायझेशन, म्हणजे प्रत्येक तुकडा त्याच्या मापाप्रमाणे सारख्या ताणावर आणणं. धमनी थोडी थोडी ताणत न्यायची, 100 मिमी मर्क्युरी दाबाला तिचा घेर किती झाला असता ते सॉफ्टवेअर काढून देतं आणि साधारण त्याच्या 0.9 पटीवर आपण सेट करतो, त्यामुळे लहानमोठ्या तुकड्यांची तुलना खरी होते. शिवाय एकाच रॅटच्या मेसेंटरीतून (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून) चार तुकडे एका वेळी लागतात, म्हणजे कमी प्राणी लागतात, माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

हात बसायला मात्र मला तीन महिने लागले. तार ओवताना आत घासली की एंडोथेलियम, म्हणजे धमनीचं आतलं अस्तर, गेलं. मग फेनिलएफ्रिन या औषधाने आकुंचन करून, एरवी धमनी सैल करणारं असिटाइलकोलीन टाकलं तरी ती सैल पडतच नाही. फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी 1980 साली सशाच्या एओर्टावर नेमकं हेच दाखवलं होतं, आतलं अस्तर शाबूत असेल तरच असिटाइलकोलीन काम करतं, आणि पुढे त्यातूनच अस्तरातून सुटून धमनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडपर्यंत संशोधक पोचले, फर्चगॉटना 1998चं नोबेलही मिळालं. म्हणून ही टेस्ट न करता पुढचं औषध टाकूच नका, आख्खा दिवस वाया जातो.

तक्रार एकच, ट्रान्सड्यूसर अतिशय नाजूक. चिमटा जोरात लागला आणि आमचं एक चॅनल गेलं, सर्व्हिसवाल्यांनी दुरुस्तीला दीड महिना लावला. ऑर्डर देतानाच दुरुस्ती किती दिवसांत करणार ते लेखी घ्या, आणि तारेचं एक जास्तीचं रीळ मागवून ठेवा, सुरुवातीला खूप वाया जाते.