वॉटर मेझचा देशी संच: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मेंदूचा रक्तपुरवठा दीर्घकाळ कमी राहिल्यास उंदरांच्या चयापचयावर आणि स्मृतीवर काय परिणाम होतो, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय आहे. त्यासाठी आम्ही एका देशी उत्पादकाकडून मॉरिस वॉटर मेझचा संच घेतला. त्यात १८० सेंटिमीटर व्यासाची काळी फायबरची टाकी, दोन मंच, छतावरचा कॅमेरा आणि त्याचे सॉफ्टवेअर एवढे साहित्य येते.

रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही चाचणी दिसायला साधी आहे. पाण्याखाली दडवलेला मंच उंदराने खोलीतल्या खुणांच्या आधाराने शोधायचा आणि दिवसागणिक त्याला किती कमी वेळ लागतो, ते आपण मोजायचे. आमच्या उंदरांच्या बाबतीत मात्र हे मोजमाप फसवे ठरू शकते आणि संचाची खरी परीक्षा तिथेच होते.

मेंदूचा रक्तपुरवठा कमी करण्यासाठी मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही कॅरोटिड धमन्या कायमच्या बांधल्या तरी बहुतेक उंदीर जगतात, कारण पाठीच्या कण्यालगतच्या धमन्यांतून आलेले रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवर्तुळातून पुढच्या भागापर्यंत पोहोचते. तरीही पहिल्या काही दिवसांत मेंदूच्या बाह्यकातला, म्हणजे बाहेरच्या थरातला, प्रवाह मूळच्या ४० टक्क्यांच्या आसपास आणि हिपोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागातला ६० टक्क्यांच्या आसपास येतो. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू सावरतो. मेंदूत ग्लुकोजचा साठा अत्यल्प आणि ऑक्सिजनचा जवळजवळ नसतोच, त्यामुळे पुरवठा घटताच पहिला ताण पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर येतो, आणि जागेची स्मृती जिच्यावर अवलंबून असते त्या हिपोकॅम्पसमधल्या चेतापेशी या ताणाला विशेष हळव्या असतात. पण त्याच धमन्यांतून डोळ्यांनाही रक्त मिळते. काही उंदरांचा दृष्टिपटल आणि दृष्टिचेता कायमची निकामी होतात, आणि मग मंच न सापडणारा उंदीर विसरला आहे की त्याला खुणाच दिसत नाहीत, हे केवळ वेळेच्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

म्हणूनच या संचातली मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू म्हणजे दुसरा मंच. तो पाण्याच्या वर येतो आणि त्यावर पट्ट्यांचा झेंडा बसतो. जो उंदीर तिथेही पोहोचत नाही, त्याचे आकडे स्मृतीच्या हिशेबात आम्ही धरत नाही. सॉफ्टवेअर पोहण्याचा वेगही वेगळा नोंदवते, त्यामुळे अशक्तपणामुळे लागलेला उशीर ओळखता येतो. टाकी काळी असल्याने आमचे विस्टर जातीचे पांढरे उंदीर कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतात. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाण्यात पडले की मात्र सॉफ्टवेअर त्यालाच उंदीर समजते. दिवे भिंतीकडे वळवल्यावर ही अडचण संपली.

तक्रार आहे ती तापमानाची. संचासोबत पाणी तापवण्याची कोणतीही सोय येत नाही. ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरल्यास टाकीत सुमारे ८९० लिटर पाणी मावते, आणि ते एका अंशाने तापवायला साधारण एक युनिट वीज लागते. म्हणजे दीड किलोवॉटच्या रॉडने हिवाळ्यातले १८ अंशांचे पाणी २४ अंशांवर आणायचे तर चार तासांहून अधिक वेळ जातो. रॉड बाहेर काढून पाणी नीट ढवळल्याशिवाय प्राणी सोडता येत नाही, हे वेगळेच. ही निव्वळ गैरसोय म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. थंड पाण्यात उंदराचे शरीर गार पडते, त्याचा चयापचय मंदावतो, आणि ज्या प्रयोगात चयापचयच तपासायचा आहे तिथे तापमानाचा हा परिणाम रक्तपुरवठ्याच्या परिणामात मिसळून जातो. शिवाय दोन फेऱ्यांच्या मध्ये कुडकुडत बसलेला प्राणी पाहणे कोणत्याही संशोधकाला शोभणारे नाही. आम्ही टॉवेल आणि उबदार दिव्याची व्यवस्था स्वतः केली. ती संचाचाच भाग असायला हवी होती.

पाणी सोडण्याची तोटी पहिल्याच वर्षी गळू लागली. उत्पादकाने ती विनामूल्य बदलून दिली, पण त्यासाठी तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. नवी तोटी पितळी आहे आणि अजून कोरडी आहे. मागणी नोंदवताना ती आधीच मागून घ्यावी, आणि दृश्य मंच किमतीत धरला आहे का, हे कोटेशनमध्ये लेखी घ्यावे.