मदतसाहित्य: एकच सामाईक गोदाम की संस्थेगणिक साठा?

पुरासारख्या आपत्तीत मदतीसाठी चार-पाच संस्था एकत्र आल्या की पहिला वाद साठ्यावरून होतो. सामाईक गोदामात मोजदाद सोपी: एक नोंदवही, एक जबाबदार माणूस, जुना माल आधी बाहेर. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्यांची मुदत संपत आल्याचं इथे वेळेवर लक्षात येतं. पण रस्ता तुटला किंवा तळमजल्यात पाणी शिरलं की सगळंच अडकतं. किल्लीवालाच पुरात अडकलेला, हा तर ठरलेला गोंधळ.

संस्थेगणिक साठा घरांजवळ असतो. पहिल्या काही तासांत तोच हाती येतो. गोम अशी की ब्लँकेटं सगळ्यांकडे ढीगभर, ताडपत्री बांधायला दोरी कुणाकडेच नाही. टॉर्चमध्ये सेल तसेच राहून गळतात, आणि ऐन वेळी झाकण उघडावं तर स्प्रिंगवर पांढरट थर.

आमचा कल विभागून ठेवण्याकडे, पण यादी एकच हवी. पिण्याचं पाणी माणशी रोज 3 लिटर धरून तीन दिवसांचं जवळ, म्हणजे 50 माणसांना 450 लिटर. जनरेटर, पंप, तंबू मध्यवर्ती, उंचावर. किल्ल्या तीन, वेगवेगळ्या संस्थांकडे. दर सहा महिन्यांनी एका संस्थेने दुसरीचा साठा मोजावा. स्वतःचा मोजताना खोकी उघडलीच जात नाहीत.