गॅरेजमध्ये ड्रेन बसवून नऊ महिने झाले, चांगलं-वाईट दोन्ही सांगतो

चिपळूणजवळ घर आहे, 18 बाय 11 चं गॅरेज, गाडी पण तिथेच आणि माझं वेल्डिंग-सुतारकाम पण तिथेच. पावसात गाडी आत घेतली की लाल चिखलाचं पाणी सगळीकडे, म्हणून मार्चमध्ये ड्रेन करून घेतला.

प्लंबर म्हणाला मधोमध नहाणी ट्रॅप (बाथरूममध्ये असतो तसा जाळीचा निचरा) टाकू, स्वस्तात होईल. मी नको म्हटलं कारण मधे खड्डा म्हणजे चारी बाजूंनी ढाळ, मग जॅक लावायचा कुठे? दरवाजाला लागून आडवी 4 इंची नाली केली, वर बिडाची जाळी, ढाळ फक्त एका बाजूला. हा निर्णय एकदम बरोबर निघाला.

पण ढाळातच गवंड्याने माती खाल्ली. मीटरला 1 सेंटिमीटर तरी पाहिजे, म्हणजे 18 फुटाला 2 इंचाच्या थोडं वर, आणि हा म्हणतो "दीड इंच बास होतो ओ, टेन्शन घेऊ नका". मीही लेव्हल पाईप लावून बघितलं नाही, ती माझी चूक. आता डाव्या मागच्या चाकाखाली ताटाएवढं डबकं कायम. कोबा घट्ट झाल्या झाल्या बादलीभर पाणी ओतून बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं.

पाणी सरळ माडाच्या आळ्यात सोडू असाही सल्ला मिळाला होता. अहो गॅरेजचं पाणी आहे, त्यात ऑइल, ग्रीस! मधे एक चेंबर बांधला, बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून खाली तोंड असलेला बेंड, म्हणजे ऑइल वर तरंगत राहतं आणि खालचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. महिन्यातून एकदा वरचा थर डब्याने काढतो. फक्त एक, गाडीचा शाम्पू जास्त वापरला की ऑइल पाण्यात मिसळतं आणि निघून जातं, त्यामुळे इंजिन धुणं इथे बंद केलंय.

मे महिन्यात तीन आठवडे मुंबईला होतो, परत येऊन शटर उघडलं तर असला वास! नालीच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला ज्यात पाणी साठून राहतं त्या वळणातलं) पाणी आटलेलं आणि नालीत झुरळांची जत्रा. तेव्हापासून गावाला जाताना ट्रॅप भरून वर दोन चमचे गोडंतेल सोडतो, पाणी लवकर उडत नाही. (खोबरेल नको, थंडीत थिजतं.)

जुलैत शोषखड्डा भरला आणि पाणी उलटं जाळीतून वर आलं, मग चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं आलं की बंद होणारी झडप) टाकला. परत आलं नाही, पण जोराचा पाऊस असला की तो बंदच राहतो, मग दोन दिवस गाडी तशीच घाण. आई म्हणते पावसात गाडी धुतं कोण.

लाकडाचा भुसा मात्र नालीत जाऊ देऊ नका, ओला होऊन पिठल्यासारखा बसतो. मी आता रंधा मारायच्या आधी जाळीवर जुनं गोणपाट टाकतो. परवा गोणपाट उचललं तर त्याखाली दिवाळीपासून हरवलेला 10 नंबरचा पाना.