मातीच्या धरणावर गवत की झाडं?

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचा उत्साह येतो आणि गावच्या छोट्या मातीच्या धरणाचा बोडका उतार डोळ्यांत भरतो. तिथे झाडं लावू नका, कळकळीने सांगतो.

बाभळीचं मूळ ओलाव्याच्या मागे भरावात खोल जातं. झाड वाळलं की मूळ कुजतं, मागे पोकळ नळी उरते. पाणी तिथून वाट काढतं, मातीचे कण ओढून नेतं आणि नळी आतून रुंदावत जाते. वादळात झाड उन्मळलं तर भरावाचा लचकाच निघतो.

हरळी मात्र वरच्या थरात जाळं विणते. कापलेल्या गवतात घुशीचं बीळ, भेग, ओला डाग लगेच दिसतो. झुडपांत तो लपतो. पायथ्याशी झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन पाहा. गढूळ असेल तर थांबू नका, खालची वस्ती हलवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

गवताला दरवर्षी कापणी लागते, एवढंच. जुनी मोठी झाडं असतील तर नुसती तोडू नका. अभियंत्याच्या देखरेखीखाली मुळासकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो. नवी रोपं वरच्या डोंगरउतारावर लावा, तिथे ती गाळ अडवतील.