गाव हलवायचं की जागेवरच बांधायचं?
दरडीच्या धास्तीतल्या एका वाडीतल्या काकांनी हे विचारलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दोन्ही झालं, म्हणून तिथलंच पाहू.

उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घर आयतं मिळालं, रस्ते रुंद झाले. पण शेत लांब पडलं, गल्लीतला शेजार तुटला, आणि गुरं-कडबा ठेवायचा कुठे, हा प्रश्न घरातल्या बायांच्याच गळ्यात पडला.

कमी पडझडीच्या गावांत मालकांनी हप्त्याने मिळालेल्या मदतीतून घरं जागेवरच दुरुस्त केली. गवंड्यामागे उभं राहण्याची दगदग फार. पण घर आपल्या सोयीचं होतं.

दोष भिंतींचा असेल तर जागेवरच बांधा. डोंगरच सुटत असेल तर हलाच, काका; फक्त शेताजवळची जागा आणि गोठा आधी मागा.