स्विमिंग पूलच्या हॅलोजनऐवजी १२ व्होल्टचा रेझिनबंद एलईडी

३०० वॅटचा जुना पार-५६ या मापाचा हॅलोजन दिवा काढून त्याच मापाचा रेझिन भरलेला १८ वॅटचा एलईडी बसवणं, हा घरच्या छोट्या पूलसाठी आमच्या मते सर्वांत चांगला बदल. आत पोकळीच नसल्याने पाणी शिरायला जागा उरत नाही. स्क्रूने बंद होणाऱ्या दिव्याची सगळी भिस्त गॅस्केटवर, म्हणजे रबरी चकतीवर, आणि क्लोरिनने ते कडक होतं.

पूल रिकामा करू नका. नागपूरच्या मे महिन्यात तेवढं पाणी वाया घालवणं बरं नव्हे. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, रिंगचा वरचा स्क्रू काढा. दिव्यामागे भिंतीतल्या खोबणीत वायरचे वेढे राखलेले असतील, तर दिवा सरळ काठावर येतो. बोअरच्या जड पाण्याने स्क्रूवर क्षार बसतात. जोर लावला तर खाच झिजते. नवे स्क्रू सहज न गंजणाऱ्या ३१६ स्टीलचेच घ्या.

बिघडतं ते बहुधा जोडावर. खोबणीत टेप गुंडाळून वायर जोडणारा इलेक्ट्रिशियन नको! जोड पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवलेल्या जंक्शन बॉक्समध्येच हवा, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच.

ट्रान्सफॉर्मरही तपासा. हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान लोड लागतो. १८ वॅटवर दिवा लुकलुकतो. तांब्याच्या वेटोळ्यांचा जुना, जड ट्रान्सफॉर्मर मात्र चालतो, दिवा १२ व्होल्ट एसीचा असेल तर. दिवा पाण्याबाहेर पेटता ठेवू नका, पाणीच त्याला थंड ठेवतं.